पाच वर्षांची उमेदवारी : नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचा भारत सेवक समाज

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर चार माणसे एकत्र आली. सभा नव्हती, व्याख्यान नव्हते, वर्तमानपत्रांचे बातमीदारही नव्हते. चौघांपैकी वडीलधारे होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. त्यांनी आधी स्वतः सात प्रतिज्ञा घेतल्या आणि नंतर त्याच प्रतिज्ञा नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर या तिघांना दिल्या. पुण्यातील ज्येष्ठ पुढारी शिवराम हरी साठे यांच्या हस्ते समाजाच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. भारत सेवक समाज जन्मास आला तो असा. (१९५२ साली पंडित नेहरूंच्या काळात त्याच नावाची दुसरी संस्था निघाली. आपल्या प्रांतात पुष्कळांना ती अधिक ठाऊक आहे, म्हणून हा खुलासा.)

गोखल्यांची ओळख आज बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. ते नेमस्तांचे पुढारी होते आणि गांधीजी त्यांना राजकीय गुरू मानीत, एवढे पाठ्यपुस्तकात येते आणि पान उलटते. गुरू म्हणजे नेमके काय, गोखले शिकवीत काय आणि कसे, हा प्रश्न त्या पानावर नसतो. वास्तविक गोखले आयुष्यभर शिक्षकच होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९०२ साली निवृत्त झाले, पण त्यानंतर त्यांनी दुसरी एक शाळा काढली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी कडक होती. तिचे विद्यार्थी पदवीधर आणि संसारी असत, त्यांत स्वतः मुख्याध्यापक राहिलेलेही होते. तिचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा होता आणि तेथे प्रमाणपत्र मिळत नसे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या कोतळूक या गावचा. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव त्या वेळी स्वतःच शिकत होते. त्यांनी शिक्षण सोडले आणि कागललाच पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतले आठ रुपये दरमहा कोल्हापुरास धाकट्या भावाकडे जात आणि उरलेल्या सात रुपयांत घर चाले. शाळेतल्या गणिताची उत्तरे दुसऱ्याच्या मदतीने काढल्याचे कबूल करून बक्षीस नाकारणाऱ्या गोपाळाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. ती घडली असो वा नसो, या आठ रुपयांचा हिशेब मात्र खरा आहे आणि माणूस समजून घेण्यास तोच अधिक उपयोगी पडतो. दुसऱ्याने पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकविले, ही जाणीव ज्याला असते तो वेळेची आणि पैशाची उधळपट्टी करू शकत नाही. गोखल्यांनी पुढे आपल्या शिष्यांनाही ती करू दिली नाही.

१८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. सरकारी नोकरी किंवा वकिली अशा दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. पुण्यात तेव्हा आगरकर, टिळक आणि त्यांचे सहकारी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा संसार मांडून बसले होते. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, असा तिच्या आजीव सदस्यांचा करार असे. गोखले १८८६ मध्ये आजीव सदस्य झाले. इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या वेळी जी गरज पडेल ते त्यांनी शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. ते उपजत प्रतिभेचे अध्यापक नव्हते. धड्याची कसून तयारी करायची, उतारेच्या उतारे पाठ करायचे आणि मगच वर्गात पाऊल टाकायचे, ही त्यांची रीत होती. प्रतिभेची उणीव श्रमाने भरून काढता येते, हा त्यांचा अनुभव पुढे त्यांच्या शिकविण्याचा पायाच ठरला.

त्यांचे स्वतःचे खरे शिक्षण मात्र महाविद्यालयाबाहेर झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांची पहिली गाठ पडली त्याविषयी एक कथा सांगतात. एका समारंभाच्या दारावर तरुण गोखले निमंत्रणपत्रिका तपासत उभे होते. रानडे पत्रिका न घेता आले, तेव्हा या स्वयंसेवकाने त्यांनाही नम्रपणे अडविले. रानड्यांना राग आला नाही. काही काळाने तोच तरुण त्यांच्या अभ्यासिकेत कामास बसला आणि १९०१ मध्ये रानडे वारले तोवर, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, तेथेच शिकत राहिला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन, सरकारला पाठवावयाच्या अर्जांचे मसुदे, अहवालांची टाचणे अशी ती उमेदवारी होती. मसुदा लिहावा, रानड्यांनी तो पाहावा, आकडा चुकला असेल तेथे बोट ठेवावे आणि पुन्हा लिहावयास सांगावे, हे वर्षानुवर्षे चालले. स्तुती फारशी नसे.

या विद्यालयात आणखी एक गुरू होते आणि त्यांचे नाव आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळांत शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाचे आकडे पिंजून काढावेत, असा या गृहस्थांचा क्रम होता. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, त्याआधी त्यांची तयारी जोशांनी करून घेतली. पुढे कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे गाजली, त्यांतल्या आकड्यांमागेही जोशांचे पाठबळ होते. एका शाळामास्तराच्या रात्रीच्या जागरणांनी व्हाइसरॉयच्या अर्थमंत्र्याला उत्तर शोधावयास लावले, ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत मुद्दाम नोंदवून ठेवावी अशीच आहे.

याच १८९७ साली गोखल्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग घडला. पुण्यात प्लेगचे थैमान चालू होते आणि घरे तपासण्यासाठी गोऱ्या सोल्जरांची पथके फिरत होती. त्यांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी विलायतेत एका वर्तमानपत्राजवळ गंभीर आरोप केले. ते परत आले तेव्हा पुराव्याची मागणी झाली. पत्रे लिहिणारी माणसे नाव पुढे करावयास तयार नव्हती. त्यांची नावे सांगितली असती तर ती संकटात सापडली असती, आणि पुरावा दिला नाही तर आपला शब्द खोटा ठरत होता. गोखल्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. आरोप सिद्ध करता येत नाही, म्हणून त्यांनी गव्हर्नरांची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे म्हटले, सरकारपक्षाने उतावळे म्हटले. त्यांनी प्लेगनिवारणाच्या कामात स्वतःला गाडून घेतले आणि टीका मुकाट्याने सोसली.

माफी मागणे योग्य होते की नव्हते, यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण पुढे त्यांनी आपल्या सभासदांना पाच वर्षे अभ्यासास बसविले आणि त्या काळात स्वतंत्रपणे जाहीर बोलण्यालिहिण्यावर बंधन घातले, त्याचे मूळ या जखमेत शोधावे लागते. पडताळून न पाहिलेल्या एका वाक्याची किंमत किती असते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने शिकविले नव्हते.

दुसरा धडा सोसायटीतल्या भांडणांचा होता. एकाच ध्येयाने जमलेली, त्यागात एकमेकांना हार न जाणारी बुद्धिमान माणसे वेतन, बाहेरची कामे आणि मतभेद या कारणांवरून कशी दुरावतात, हे गोखल्यांनी अगदी जवळून पाहिले. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला. त्यानंतर गणिताच्या जागेसाठी गोखल्यांनी मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांना बोलावून आणले. हे कर्वे म्हणजे पुढचे महर्षी. सार्वजनिक सभेतही फूट पडली आणि १८९६ मध्ये रानड्यांना वेगळी डेक्कन सभा काढावी लागली. केवळ त्याग पुरेसा नाही, एकत्र राहण्याचेही शिक्षण घ्यावे लागते, हे या दशकाने त्यांना दाखविले.

समाजाच्या सात प्रतिज्ञा या पार्श्वभूमीवर वाचाव्यात. देश मनात सदैव पहिला ठेवीन आणि आपल्यातले जे उत्तम असेल ते त्याला देईन, ही पहिली. देशसेवेतून स्वतःचा लाभ पाहणार नाही, ही दुसरी. सर्व भारतीयांना जातिधर्माचा भेद न करता बंधू मानीन आणि सर्वांच्या उन्नतीसाठी झटेन, ही तिसरी. समाज जी तरतूद करील तीत आपला आणि कुटुंबाचा निर्वाह भागवीन, स्वतःसाठी द्रव्यार्जनात शक्ती वेचणार नाही, ही चौथी. पाचवी शुद्ध खाजगी आचरणाची. सातवी समाजाच्या हेतूंशी एकनिष्ठ राहण्याची. मध्ये एक सहावी आहे आणि ती वाचताना क्षणभर थांबावे लागते. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. देशभक्तीच्या शपथा जगात पुष्कळांनी घेतल्या, पण भांडण न करण्याची शपथ घालणारी संस्था विरळाच. पुण्याचे सार्वजनिक जीवन ज्याने वीस वर्षे पाहिले होते, त्यालाच ती सुचणार.

प्रतिज्ञा घेऊन दाखल झालेला सभासद लगेच कार्यकर्ता होत नसे. पाच वर्षे तो उमेदवार असे. त्यांतली तीन वर्षे पुण्याच्या मुख्य केंद्रात अभ्यास करायचा आणि दोन वर्षे आद्य सभासदांच्या आज्ञेनुसार देशाच्या निरनिराळ्या भागांत हिंडायचे, असा नियम होता. आद्य सभासद म्हणजे गोखले. समाजाच्या ग्रंथालयात सरकारी अहवाल, शिरगणतीचे खंड, अंदाजपत्रके, पार्लमेंटची कागदपत्रे यांची भर पडत गेली. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यकारभार, कायदा यांचे वाचन आणि टिपणे काढणे हा तेथील दिनक्रम होता. रानड्यांनी आपल्याला ज्या रीतीने घडविले तीच रीत गोखल्यांनी येथे नियमबद्ध केली. फरक एवढाच की रानड्यांनी कधी शपथ घातली नव्हती. शिष्य आपण होऊन येई आणि आपण होऊन राही. गोखल्यांनी आज्ञापालन नियमात लिहून ठेवले. ते आवश्यक होते काय, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला गेला आणि जेझुइट पंथाशी समाजाची तुलनाही झाली.

प्रवासाच्या दोन वर्षांचे महत्त्व तीन वर्षांच्या वाचनाहून कमी नव्हते. मद्रासच्या माणसाने पंजाब पाहावा, कोकणच्या माणसाने संयुक्त प्रांतातले खेडे पाहावे, तिसऱ्या प्रतिज्ञेतले सर्व भारतीय म्हणजे कोण हे डोळ्यांनी पाहावे, असा त्यामागचा हेतू होता. आपल्या भाषेच्या मुलखाबाहेर राहिल्याने माणसाचे काय होते, हे शहपुऱ्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

या शाळेत आलेले विद्यार्थी कसे होते? व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हे मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे नावाजलेले मुख्याध्यापक होते. समाजाची घटना वाचून त्यांनी गोखल्यांना पत्र लिहिले आणि १९०७ मध्ये ती प्रतिष्ठेची जागा सोडून, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते पुण्यात उमेदवार म्हणून येऊन राहिले. गुरू शिष्यापेक्षा केवळ तीन वर्षांनी मोठा होता. नारायण मल्हार जोशी हे कुलाबा जिल्ह्यातले शिक्षक १९०९ मध्ये आले. पुढे मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीग उभी करून ते भारतातील कामगार चळवळीचे एक जनक ठरले. अलाहाबादचे हृदयनाथ कुंझरू त्याच वर्षी आले आणि १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते समाजाचेच राहिले. मुंबई महापालिकेत अभियंता असलेले अमृतलाल ठक्कर यांनी १९१४ मध्ये नोकरी सोडून दीक्षा घेतली. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस होते. भिल्लांच्या आणि हरिजनांच्या सेवेत जन्म घालविणारे ठक्करबाप्पा ते हेच. टेकडीवरच्या चौघांपैकी देवधर रमाबाई रानड्यांबरोबर पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत होते. सहकारी पतपेढ्या आणि दुष्काळातील मदतकार्य ही त्यांची क्षेत्रे बनली.

आणि द्रविड आपल्या प्रांताकडे आले. जबलपूर, शहपुरा, नागपूर हे सारे तेव्हा एकाच मध्यप्रांतात मोडत होते आणि राजधानी नागपूर होती. समाजाच्या मद्रास, मुंबई, अलाहाबाद येथल्या शाखांप्रमाणेच एक शाखा नागपुरात निघाली. १९११ मध्ये तेथून ‘हितवाद’ सुरू झाला आणि द्रविडांच्या लेखणीने तो नावारूपास आला. आज जबलपुरात सकाळी दारात पडणाऱ्या इंग्रजी ‘हितवाद’चे मूळ असे त्या टेकडीपर्यंत जाते.

या गुरुकुलात उणिवा नव्हत्या असे नाही. सर्वांत मोठी उणीव स्वतः गुरूच होते. वर्षाचे काही महिने ते कलकत्त्यास कायदेमंडळात असत. १९०५ नंतर विलायतेच्या फेऱ्या वाढल्या आणि १९१२ पासून शाही नोकरी आयोगाचे काम मागे लागले. मधुमेहाने शरीर पोखरत होते. शिष्यांना त्यांचा सहवास तुटकतुटक लाभे. सारे सूत्र एका माणसाच्या हाती आणि तोच माणूस निम्मे वर्ष परगावी, अशी ही व्यवस्था होती. दुसरे असे की इंग्रजीत अहवाल वाचू शकणारा पदवीधरच या वाटेने येऊ शकत होता, त्यामुळे सभासदांची संख्या सदैव लहान राहिली. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला असताना पाच वर्षे ग्रंथालयात बसा, असे सांगणाऱ्या माणसाकडे तरुणांची रीघ लागेल अशी अपेक्षाही नव्हती. गोखल्यांना हे कळत नव्हते असे नाही. थोडे चालतील, पण कच्चे नकोत, हा त्यांचा हट्ट होता.

कलकत्त्यातही ते शिक्षकच होते. १९०२ च्या पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की सरकारी तिजोरीतील शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून गरिबांवर बसविलेल्या जादा कराची खूण आहे. मिठावरील कर पुढील पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरला, त्यात त्यांच्या चिकाटीचा वाटा मोठा होता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी माफक होती. ज्या भागात पुरेशी मुले शाळेत जाऊ लागली आहेत तेथे स्थानिक संस्थेला सक्ती करण्याची मुभा असावी, एवढीच. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी सभासद होते, तसे आपले जमीनदारही होते. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.

विधेयक पडले त्याच वर्षाच्या अखेरीस गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे मोहनदास गांधी या शिष्याने त्यांना महिनाभर आपल्या ताब्यात घेतले आणि त्या महिन्यात कोण कोणाला शिकवीत होते हे सांगणे अवघड आहे. टॉलस्टॉय फार्मवर जाताना पावसात चालावे लागून गोखल्यांना सर्दी झाली. इतर सारे जमिनीवर निजतात असे कळल्यावर त्यांनीही खाट नाकारली. तीन पौंडांच्या जुलमी करासंबंधी तेथल्या मंत्र्यांची भेट ठरली, तेव्हा त्यांनी गांधींकडून सारे प्रकरण लिहून घेतले, शंका विचारून विचारून त्यांना रात्री जागविले आणि पुरती खात्री झाल्यावरच ते भेटीस गेले. १८९७ ची आठवण त्यांच्या मनातून कधीच गेली नव्हती. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू यांच्या सभेत गांधींनी त्यांना मराठीत बोलण्याची गळ घातली आणि हिंदुस्थानीत भाषांतर करण्याचे काम स्वतःकडे घेतले. गुजराती माणसाचे मराठी कितपत टिकेल, म्हणून गोखल्यांना गंमत वाटली. पण भाषांतर ऐकून ते संतुष्ट झाले आणि त्या प्रवासात पुढेही मराठीत बोलले. मायदेशापासून हजारो मैलांवर मराठी सभा भरली आणि तिचा दुभाषा गांधी होता, हा योग मोठा मौजेचा आहे.

जानेवारी १९१५ मध्ये गांधी कायमचे परतले. त्यांनी समाजात यावे, अशी गोखल्यांची मनापासून इच्छा होती. त्यांनी गांधींना पुण्यास बोलावून सर्व सभासदांची गाठ घालून दिली. मोकळेपणाने चर्चा झाली आणि जी अडचण दिसायची होती ती दिसली. गांधींची सत्याग्रहाची रीत आणि समाजाची सनदशीर रीत यांत अंतर होते. सभासद कचरत होते. गोखल्यांनी घातलेला नियम गोखल्यांच्याच आवडत्या शिष्याच्या आड आला, आणि त्यांनी तो त्याच्यासाठी वाकविला नाही. सभासदांना आपण जिंकून घेऊ, अशी आशा मात्र ते बाळगून होते. इकडे गांधींच्या आश्रमाच्या खर्चाची चिंता त्यांनी स्वतःकडे घेतली आणि समाजाचे सभासद डॉक्टर हरी श्रीकृष्ण देव यांना समाजाच्या वह्यांत गांधींच्या नावाचे खाते उघडण्यास सांगितले. शिवाय गांधींना एक वर्षाची उमेदवारीही घातली. वर्षभर देश हिंडायचा, डोळे उघडे ठेवायचे आणि जाहीर प्रश्नांवर मत द्यायचे नाही. एका सायंकाळी अंगणात गांधींसाठी फराळाचा साधा कार्यक्रम ठेवला होता. प्रकृती बरी नसताना गोखले खोलीतून उठून तेथे आले आणि त्यांना मूर्च्छा आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कार्यक्रम चालू ठेवावा असा निरोप धाडला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, गोखले वारले. सिंहगडावर असलेले लोकमान्य टिळक बातमी कळताच खाली आले आणि पंचवीस वर्षांच्या विरोधकाविषयी स्मशानात आदराने बोलले. गांधी शांतिनिकेतनात होते. तेथून ते तिसऱ्या वर्गाने पुण्यास आले. समाजाचे अध्यक्षपद श्रीनिवास शास्त्रींकडे गेले. गांधींना घ्यावे की घेऊ नये, यावर सभासदांत दोन तट पडले. थोड्या मतांनी निवडून येण्यात अर्थ नाही आणि ज्यांना आपण नको आहोत त्यांच्यात शिरणे हा गोखल्यांच्या स्मृतीचा अवमान होईल, असे वाटून गांधींनी आपला अर्ज मागे घेतला. सहाव्या प्रतिज्ञेची परीक्षा गुरूच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच झाली, आणि तिच्यात उत्तीर्ण झाला तो ज्याने ती प्रतिज्ञा रीतसर घेतलीच नव्हती असा माणूस.

वर्षभर मौन पाळून देश हिंडण्याचा नियम गांधींनी पाळला. समाजाचे ग्रंथालय वाढत गेले आणि १९३० मध्ये रावबहादुर काळे यांच्या देणगीतून निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा ते आधार बनले. नव्या सभासदांची उमेदवारी चालू राहिली. १९२१ मध्ये लाहोरास लाला लजपतराय यांनी लोकसेवक मंडळ काढले, तेव्हा पुण्याचा हा नमुना त्यांच्यापुढे होता. लालबहादूर शास्त्री त्या मंडळातून घडले.

१९१७ साली गांधी बिहारात चंपारण्यात गेले. निळीच्या मळ्यांवरील जुलमाविरुद्ध त्यांनी आधी सभा घेतल्या नाहीत. गावोगावच्या हजारो रयतांच्या जबान्या लिहून घेतल्या, प्रत्येकीची उलटतपासणी केली, जी टिकली नाही ती टाकून दिली. या कामात त्यांच्या हाताखाली बिहारचे वकील होते. खेड्यांतली घाण आणि रोगराई पाहिल्यावर त्यांनी पुण्याहून एक डॉक्टर मागविला. भारत सेवक समाजाने पाठविलेला तो डॉक्टर म्हणजे ज्यांना गोखल्यांनी खाते उघडावयास सांगितले होते ते देवच. त्यांच्याजवळ औषधे मोजकी होती, एरंडेल, कोयनेल आणि गंधकाचे मलम. त्यांनी रस्ते झाडले, विहिरी उपसल्या, डबकी बुजविली. गावांत शाळाही काढावयाच्या होत्या. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आल्या (त्या नामदार गोखल्यांच्या घरच्या नव्हेत), पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. आपल्याला धड हिंदी येत नाही, केवळ मराठी येते, मग या मुलांना शिकवायचे कसे, अशी अडचण त्यांनी पुढे केली. गांधींनी त्यांना समजावले की व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि चांगले वळण लावणे महत्त्वाचे आहे, आणि बालवर्गापुरते पाहिले तर अक्षरांत फारसे अंतर नाही. त्या दोघी शाळेवर रुजू झाल्या.